माणुसकीची भिंत पाडून दहा रुपयांचं दुकान काढावं का?

शेवग्याची_शेंग
दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी कॉलनीच्या कोपऱ्यावर माणुसकीची भिंत रंगवली. 'नको असेल ते द्या, हवे असेल ते न्या.' ही कल्पना इराणमधल्या मशहदची, २०१५ सालची. आपल्याकडे गावोगावी झाली, तशीच आमचीही.

पहिला महिना झकास. मग एका पायाचा बूट, उसवलेली अंतर्वस्त्रं, लग्नातली एक शेरवानी (ती अजून तिथेच आहे) आणि पावसाळ्यात कुबट वासाचा ढीग.

पण खरं कारण वेगळं. समोरच्या बिल्डिंगीत धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी रात्री साडेदहाला, रस्त्यावरचा दिवा बंद असताना, फ्रॉक चाचपून बघताना दिसल्या. मी विचारलं, दिवसा का नाही आलात? म्हणाल्या, "दिवसा नेला तर उद्या पोरीच्या अंगावर बघून कुणीतरी म्हणणार, अगं हा तर आमच्या पिंकीचा!"

तेव्हा प्रस्ताव असा: भिंत बंद. एक छोटं दुकान, धुतलेले, इस्त्री केलेले कपडे हँगरवर, दहा ते तीस रुपये. फाटक्या साड्यांच्या गोधड्या, शिवणाऱ्या बायकांना मजुरी रोख. मतं सांगा.

सडेतोड_तात्या
फुकट मिळालेला माल विकायचा, याला आमच्या गावात जुना बाजार म्हणतात. सन्मान वगैरे शब्द कशाला लावता? ज्याच्याकडे दहा रुपये नाहीत त्याचं काय? आणि भिंत काही विचारत नाही, गल्ल्यावरची बाई विचारते, "किती पोरं तुला?" अंधारात घेतला तर घेतला, फ्रॉक मिळाला ना? दिवा बंद ठेवा, प्रश्न मिटला.

शेवग्याची_शेंग
दिवा बंद ठेवा! तात्या, हे तुम्हालाच सुचू शकतं.

उंबरठा
दोघांनाही एक विचारते. बोहारणी आठवतात का? डोक्यावर भांड्यांची पाटी, दोन साड्या अन् एका पँटीवर स्टीलचा डबा. आई तासभर हुज्जत घालायची, शेवटी झाकण वेगळं मागून घ्यायची. कपड्यांचा हा धंदा कधीचा चालू होता, त्यात उपकार कुणाचेच नव्हते. फुकट भिंत उभी राहिली की पहिला फटका त्यांनाच. याचा हिशोब कुणी केला?

पायवाट७
'गूंज' या संस्थेचं काम बघा. अंशू गुप्तांनी १९९९ साली सुरू केलं. त्यांच्या 'क्लॉथ फॉर वर्क'मध्ये गाव स्वतः ठरवतं काय करायचं, विहीर की रस्ता की बंधारा. काम सगळे मिळून करतात आणि त्याबद्दल कपडे, सामान मिळतं. भीक नाही, कमाई. २०१५ साली गुप्तांना मॅगसेसे मिळाला.

सडेतोड_तात्या
म्हणजे शहरातल्यांनी कपाट रिकामं करायचं आणि गावातल्याने त्यासाठी विहीर खणायची? महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आहे. श्रमाला मजुरी मिळावी हा हक्क मानला गेलाय, वापरलेला शर्ट म्हणजे मजुरी नव्हे. त्यापेक्षा शेंगताईंची रोख मजुरी बरी. (हो, मीच लिहितोय.)

पायवाट७
विहीर गावाचीच राहते हो, शहराची होत नाही. पण मुद्दा बोचला, मान्य.

कागदवेचा
या धाग्यात 'आपण' म्हणजे कोण, एवढंच विचारायचंय. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ला उभी राहिली, कचरा वेचणाऱ्यांचीच. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली, २००८ ला 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करायला लागली. त्या बायका काम आधीपासून करत होत्याच, आता 'आमचं काम' म्हणून भांडू लागल्या. तुमच्या दुकानाचा भाव, वेळ, जागा ठरवताना वस्तीतली एक तरी बाई बसली होती का? की चहा-बिस्किटांवर तुम्ही सहा जणांनीच ठरवलं?

शेवग्याची_शेंग
सहा जणांनीच. बिस्किटंसुद्धा होती.

काल गेले वस्तीत, त्या मावशींकडे. आणखी चौघी जमल्या. पहिला झटका: ठरलेला भाव कुणालाच नको. "घासाघीस करू द्या ताई. तुम्ही तीस म्हणा, आम्ही दहा म्हणू. नाहीतर रेशनच्या रांगेत आणि तुमच्या दुकानात फरक काय?" दुसरं: दुकान कॉलनीत नको, बसस्टॉपजवळ हवं, म्हणजे पिंकीची आई तिथे येणार नाही. तिसरं: गल्ल्यावर त्यांच्यातलीच बसेल, आळीपाळीने. गोधडीला मजुरी किती, यावर एकमेकींशीच भांडल्या, ते अर्धवट राहिलंय.

आणि आरसा हवा. छोटा नको, पायापर्यंत दिसणारा. एकीने कधी साडी नेसून स्वतःला पूर्ण पाहिलेलंच नाही.

बोहारणीला माल विकत द्यायचा का, हे उंबरठाबाईंनी येऊन सांगावं. रविवारी चारला, वस्तीतल्या समाजमंदिरात.

सडेतोड_तात्या
ज्याच्याकडे दहा रुपये नाहीत त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. घासाघिशीत शून्यापर्यंत उतरू देणार का, ते रविवारी विचारीन.

आरसा माझ्याकडे आहे, जुन्या कपाटाचा, पुरुषभर. कोपरा टवका उडालेला. टेम्पो तुमचा.