पनामा कालव्याची दिशा

अटलांटिकमधून पॅसिफिककडे निघालेलं जहाज पनामा कालव्यातून पश्चिमेला जातं, असं सहज वाटतं. नकाशा उघडून बघाच, ते चक्क आग्नेयेला जातं! तिथली संयोगभूमी (दोन खंडांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी) आडव्या नागमोडी वळणाची असल्यामुळे पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला येतं.

मला मात्र त्याहून थक्क करतं ते पाणी. १९१४ साली सुरू झालेल्या या कालव्यात जहाजं समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या ‘गातून’ नावाच्या तलावात चढतात, आणि तीही पंपाशिवाय. तलावाचं गोडं पाणी आपसूक खालच्या बंदिस्त टप्प्यांत उतरतं आणि जहाजाला अलगद वर उचलतं. म्हणजे दोन महासागर जोडणारा हा मार्ग चालतो पावसावर! २०२३ च्या दुष्काळात तर रोज सोडायच्या जहाजांची संख्याच कमी करावी लागली होती.