अँकिलोस्टोमियासिस म्हणजे वाकडतोंड्या जंत?

शौचतपासणीच्या रिपोर्टवर 'अँकिलोस्टोमाची अंडी आढळली' असं आलंय. डॉक्टर म्हणाले, हुकवर्म. मराठीत काय म्हणायचं? घरी 'जंत' सांगितलं तर आई म्हणते, जंताचं एवढं लांबलचक नाव असतं होय?

— आईंना सांगा, जंतच आहे. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, लहान आतड्याला तोंडाने चिकटून रक्त पिणारा. म्हणून तर अंगातलं रक्त कमी होतं. पुस्तकी शब्द 'अंकुशकृमी'. ग्रीकमध्ये अँकिलोस म्हणजे वाकडा, स्टोमा म्हणजे तोंड. दुबिनी या इटालियन वैद्याने १८४३ साली हे नाव दिलं. थोडक्यात, वाकडतोंड्या! पुढचं 'इयासिस' म्हणजे त्याने झालेला आजार. सांधे आखडतात त्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमधला अँकिलोसही हाच.

— पण 'अंकुश' ऐकलं की 'अंकुश ठेवणे' आठवतं. जंतावर ताबा ठेवणारा कृमी वाटतो! साधं 'आकडा' का नको?

— आकडा म्हटलं की आधी संख्या, नाहीतर मटका. 'आकडी' केलंत तर फिट येणं. त्यापेक्षा माहुताच्या हातातला अंकुश बरा, त्याचं टोक बघा कसं वळलेलं असतं. या जंताचं डोकंही तसंच मागे वाकलेलं. शिवाय गंमत अशी, की संस्कृत अंकुश आणि ग्रीक अँकिलोस हे मुळात 'वाकणे' या एकाच जुन्या धातूतून आलेले. भाषांतर करताना नकळत सख्खा भाऊच सापडला म्हणायचा.

आणखी एक. माणसाला होणाऱ्या अंकुशकृमींत दुसरी जात आहे नेकेटर, लॅटिनमध्ये 'ठार मारणारा'. तिच्या आजाराला काटेकोरपणे नेकेटोरियासिस म्हणतात. 'अंकुशकृमी' म्हटलं की दोन्ही आले.

— मग 'अंकुशकृमीसंसर्ग' लिहू?

— एकतर समासात 'कृमि' ऱ्हस्व: अंकुशकृमिरोग, कृमिनाशक. एकटा असला की 'कृमी' दीर्घ. दुसरं, 'संसर्ग' म्हटलं की शेजारी बसल्याने होतो असं वाटतं. हा तसा होत नाही. विष्ठेतली अंडी ओल्या मातीत फुटतात आणि अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. विषबाधा म्हणतो तशी 'अंकुशकृमिबाधा' म्हणा. भुताची बाधा आठवली तर आठवू दे, न दिसता अंगात शिरणारं हेही आहेच.