मदत हवी आहे : हँडीकॅमचं चित्र कॉम्प्युटरवर खराब येतंय

मंडळी, काकांनी 2003 च्या सिंहस्थात रामकुंडावर केलेलं चित्रण हाय-एट (जुन्या हँडीकॅमच्या छोट्या) कॅसेटवर आहे. ते कॉम्प्युटरवर उतरवायचंय. साधं यूएसबी कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं) घेतलं, पिवळी-पांढरी-लाल वायर लावली. तोच हँडीकॅम जुन्या टीव्हीला जोडला की चित्र झकास, म्हणजे कॅसेट आणि ती वाचणारं हेड ठीक असावेत. कॉम्प्युटरवर मात्र माणूस हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात आणि भगव्या झेंड्यांचा रंग कडेबाहेर ओघळतो.

आधी चित्र कृष्णधवल होतं. सॉफ्टवेअर एनटीएससीवर (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) होतं, ते पाल (आपल्याकडची पद्धत) केल्यावर रंग आले. आता 720 बाय 576, 25 फ्रेम असं ठेवलंय. रेघा इंटरलेसिंगच्या आहेत एवढं कळलं: एका फ्रेममध्ये दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), सेकंदाला 50. मग रेकॉर्डिंग इंटरलेस्डच ठेवून डीइंटरलेस (फील्डपासून सलग चित्र बनवून रेघा घालवणं) नंतर करावं का? आणि करताना 25 फ्रेम ठेवू की 50? 25 वर साधूंची मिरवणूक अडखळत चालते.

दुसरं, कॅमेरा आणि कार्ड दोन्हीला एस-व्हिडिओचं सॉकेट आहे. त्यात उजेड आणि रंग वेगवेगळे जातात, तेव्हा रंग ओघळणं कमी होईल असं वाटतं. कुणी करून पाहिलंय? चार पिनची ती वायर नाशकात कुठे मिळेल? एमजी रोडला विचारलं तर एचडीएमआय कन्व्हर्टरच गळ्यात मारतात. सिडको, पंचवटीकडचं दुकान असेल तरी चालेल.