दक्षिण सुदानला भावाकडे चवथीचा खाऊ कसा पाठवू?

फोंड्याची थोरली

माझा धाकटा भाऊ सैन्यात सिग्नल्समध्ये आहे. मार्चमध्ये तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेला, वर्षभरासाठी. चवथ (गणेशचतुर्थी) आता सहा आठवड्यांवर आली. नोकरी लागल्यापासून त्याच्या दोनच चवथी चुकल्यात आणि दोन्ही वेळा आईनं नेवऱ्या (करंज्या) तळताना कुणाशी धड बोलणं केलं नाही.

व्हिडिओ कॉलवर विचारलं, काय पाठवू? तर म्हणाला, "काही नको, इथं सगळं मिळतं." तीन दिवसांनी रात्री उशिरा मेसेज आला, "ताई, घुमट पाठवता येईल का?" आणि मिनिटभरानं, "आणि खाजें."

तर आमची यादी अशी झालीय: नेवऱ्या, खाजें (आलं-गुळाच्या कांड्या), सोलां (कोकमं), खोल्याच्या मिरचीची पूड, पॉवर बँक, मच्छर पळवायचं मलम, त्याचं घुमट (आरतीला वाजवायचं, कातडं लावलेलं मातीचं मडकं) आणि सुकी सुंगटां (कोळंबी). सुंगटांचा हट्ट आईचा. मी विरोध केला, हरले.

एका कुरिअरवाल्याकडे गेले. त्यानं वजन केलं, देशाचं नाव टाइप केलं आणि असा आकडा सांगितला की पिशवी उचलून परत आले. वर म्हणाला, घरचं खाणं आम्ही घेतच नाही. पोस्टात एक जण म्हणतो देशाचं नाव लिहा, दुसरा म्हणतो फक्त ५६ एपीओ (लष्कराच्या टपालाचा पत्ता) लिहा. भावाला विचारलं तर "बघतो" म्हणतो. त्याचं "बघतो" म्हणजे काय ते मला जन्मापासून माहीत आहे.

कुणी पाठवलंय का असं काही? नक्की कसं पोचतं?

(ता. क. सुभेदारकाकांच्या सांगण्यावरून युनिटचं आणि गावाचं नाव काढलंय.)

---

सत्तरीचा सुभेदार

बाय, नाव काढलंस ते बरं केलंस. देश सांगितला तर हरकत नाही, भारताची पलटण तिथं आहे हे जगाला ठाऊक आहे. पण कुठली युनिट, कुठल्या गावात, कधी कोण सुटीवर येतंय, हे इथं लिहायचं नाही. फोटोही टाकू नकोस.

मीही सिग्नल्सचाच. पणजीच्या टू एसटीसीत (सिग्नल्सच्या प्रशिक्षण केंद्रात) घडलो. १९८८ साली शांतिसेनेत श्रीलंकेत होतो, पुढं २००६ साली कांगोत, गोमा शहरात. त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगतो, पार्सल येणाऱ्याचं आणि न येणाऱ्याचं.

श्रीलंकेत आईनं चवथीला लाडू पाठवले होते. बाबांचं जुनं पुडवें फाडून त्यात डबा शिवला, वर लाखेचे ठिपके, वाळपईच्या पोस्टातून एपीओच्या पत्त्यावर. आम्ही एका जागी थांबत नव्हतो, पार्सल आमच्या मागं मागं फिरत राहिलं. मिळालं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. लाडू दगड झाले होते. रायफलच्या दस्त्यानं फोडून चहात बुडवून खाल्ले. बुरशी आलेला एक बाजूला काढला होता, तोही रात्री कुणीतरी खाल्ला.

सांगायचं काय, एपीओ पोचवतं. वेळेवर पोचेल असं मात्र धरून चालू नकोस. चवथीसाठी पाठवायचं असेल तर माणूस शोध. सुटीवर आलेला आणि परत जाणारा कुणीतरी असतोच. तुझा भाऊ "बघतो" म्हणतोय ना, तो बहुतेक हेच बघतोय. त्याला नीट विचार, बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातला कोण सुटीवर आहे. आपल्याकडची पोरं कमी असतात, त्या पट्ट्यातला एखादा हमखास सापडतो.

आता त्या माणसाचाही विचार कर. त्याच्या बॅगेत त्याच्या आईचं असतं, बायकोचं असतं, आणि अजून चार घरांची पुडकी येतात. दोन किलोच्या वर एक ग्रॅम नको. चौकोनी डबा दे, पिशवी नको. पिशवी बॅगेत बसत नाही आणि "नाही" म्हणायला त्याला लाज वाटते.

दुसरं, जुलै ते सप्टेंबर तिथं पाऊस असतो. काळी माती, रस्ते चिखलात बुडतात. राजधानी जुबापर्यंत विमान येतं, पुढचं विमान किंवा हेलिकॉप्टर हवा बघून. पुडकं जुबात आठ दिवस पडून राहील असं धरूनच खाणं निवड.

घुमटाचं वेगळं लिहितो, ते महत्त्वाचं आहे.

---

सत्तरीचा सुभेदार

घुमट. पहिला प्रश्न, कातडं कशाचं? वडिलांच्या काळचं असेल तर घोरपडीचं असणार. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते घुमट देव्हाऱ्याजवळ आहे तिथं राहू दे. विमानतळावर कुणाच्या बॅगेत सापडलं तर तो बिचारा सुटीवरून परत जाणारा माणूस अडकेल, तुझा भाऊ नाही. बकरीच्या कातड्याचं नवं असलं तरी मातीचं मडकं जुबापर्यंत टिकेल हे मला पटत नाही.

गोमात आम्ही काय केलं ते सांगतो. २००२ मध्ये ज्वालामुखीचा लाव्हा त्या शहरात घुसला होता. आम्ही गेलो तेव्हाही जिकडे तिकडे काळा खडक, कुंपणंसुद्धा त्याच दगडाची. आपल्याकडे चिरा तांबडा, तिथं सगळं काळं. मूर्ती साताऱ्याच्या एका हवालदारानं मातीची केली, सोंड जरा लांब झाली. घुमट म्हणून पाण्याचा रिकामा प्लास्टिक कॅन उलटा. कांसाळ्यांच्या (झांजांच्या) जागी मेसच्या दोन ताटल्या. कॅनचा आवाज बरा निघाला. ताटल्यांनी मात्र आरतीचा सत्यानाश केला. ताटली ठण् करून थांबते, कांसाळ्यासारखी घुमत नाही.

म्हणून घुमट नको, कांसाळें पाठव. लहान जोडी, फडक्यात गुंडाळून.

---

दाबोळीकरीण

माझे मिस्टर नेव्हीत होते. २००८ च्या अखेरीपासून आपली जहाजं एडनच्या आखातात चाच्यांवर गस्त घालायला जायला लागली, त्यातल्या सुरुवातीच्या फेऱ्यांत ते होते. आमचा पत्ता मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसचा. जहाज बंदराला लागेल तेव्हा टपाल मिळायचं. एप्रिलमध्ये टाकलेलं जूनमध्ये मिळालं आणि मेमधलं त्याच्या आधी! तेव्हापासून मी प्रत्येक पुडक्यावर आकडा घालायचे, १, २, ३. आत काय आहे त्याची चिठ्ठीही. काही राहिलं तर कळतं आणि "तू पाठवलंच नाहीस" हे भांडण होत नाही.

सुभेदारकाकांना पूर्ण अनुमोदन, फक्त खाण्याबद्दल मी बोलते.

एकदा मी चेपणीतली तोरां (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या) पाठवली होती. बरणी, झाकणावर मेण, तीन प्लास्टिकच्या पिशव्या. मिठाचं पाणी तरीही बाहेर आलं आणि सोबतच्या नव्या पांढऱ्या युनिफॉर्मवर उतरलं. तो युनिफॉर्म माझ्या मिस्टरांचा नव्हता. अजूनही त्या घरी गेलं की विषय निघतो. ओलं काही पाठवू नकोस. तेल नको, लोणचं नको, सोलांचं आगळही नको. सुकी सोलां चालतील, पण आधी दोन दिवस कडक उन्हात घाल. ऊन नसेल, दिवस पावसाचे आहेत, तर चुलीवरच्या उतरंडीजवळ ठेव.

नेवऱ्यांत ओलं खोबरं आणि पुरण नको, चार दिवसांत आंबतात. सुकं खोबरं भाजून, तीळ, साखर, वेलची. मोहन बेताचं. तळल्यावर रात्रभर कागदावर उघड्या ठेव, गरम डब्यात भरल्यास की मऊ पडल्याच म्हणून समज.

आणि खसखस अजिबात घालू नकोस! हे कुणी सांगत नाही. माणूस दुबईमार्गे जाणार असेल तर तिथं खसखशीवर बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. आपल्याला ती नेवरी, त्यांना तो अमली पदार्थ. विमान कुठून जातंय ते आधी विचार, नाहीतर घालूच नकोस, चवीत कुणाला कळतही नाही.

सुंगटांचं काय सांगू. आईचा हट्ट मी समजू शकते. पण बंद बॅगेत सुंगटां आणि वेलचीच्या नेवऱ्या एकत्र गेल्या की सगळ्या नेवऱ्या सुंगटांच्याच होतात.

---

तिकीटवेडा, मडगाव

मी पोस्टात ३४ वर्षं काढली, म्हणून पत्त्याचं तेवढं सांगतो. एपीओच्या पत्त्यावर नंबर, हुद्दा, नाव, युनिट, "मार्फत ५६ एपीओ" आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. बस. गाव किंवा देश लिहायचा नाही, तो लिहू नये म्हणूनच तर ही पद्धत आहे. ५६ चं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसकडे जातं, ९९ चं कोलकात्याच्या. पुढं कुठं जायचं ते लष्कराचं टपाल खातं बघतं. तुमच्या भावाला तिथला चालू पत्ता नेमका काय ते लिहून द्यायला सांगा, गेल्या पोस्टिंगचा वापरू नका. देशाचं नाव घालून साध्या परदेशी टपालानं पाठवलंत तर कस्टम्सचा सीएन २३ फॉर्म, प्रत्येक वस्तू आणि किंमत, आणि घरच्या खाण्याला पुढं कुठंही हरकत निघू शकते.

पॉवर बँक टपालात चालत नाही. लिथियमची बॅटरी आहे. माणसाबरोबर दिलीत तर त्यानं ती हातातल्या बॅगेत ठेवावी, खाली सामानात नाही.

जाता जाता, विषय निघालाच म्हणून. १९५३ मध्ये आपली तुकडी कोरियात युद्धकैदी सांभाळायला गेली तेव्हा भारताच्या तिकिटांवर देवनागरीत शिक्का छापला होता, "भारतीय संरक्षा कटक कोरिया". बारा तिकिटांचा संच आहे, माझ्याकडे नऊ आहेत. १९६२ मध्ये कांगोतल्या आपल्या सैन्यासाठीही अशी तिकिटं निघाली, त्यांवरचा मजकूर मात्र इंग्रजीत. त्याच कांगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला पडले, परमवीरचक्र मिळालं. आपला गोवा त्यानंतर १४ दिवसांनी मुक्त झाला. म्हणजे त्यांच्या घरी पत्रं जात-येत होती तेव्हा फोंड्याचं पोस्ट अजून पोर्तुगीजांचं होतं. भावाच्या पत्रांची पाकिटं फेकू नका एवढंच म्हणतो.

---

फोंड्याची थोरली

सगळ्यांचे आभार. भावाला सरळ विचारलं. बेळगावकडचा एक जण खरंच सुटीवर आहे, तीन आठवड्यांनी परत निघतोय. "मी बघतच होतो," म्हणे.

घुमटाचं कातडं बाबांना विचारलं. बाबा गप्प बसले, मग म्हणाले, "आजोबांनी केलेलं आहे, विचारू नकोस." तर ते इथंच राहील. कांसाळें आमच्याकडे दोन जोड्या आहेत, लहान जोडी मी वाजवायचे. तीच देतेय. मच्छरांचं मलमही कमी केलं, तिथं मच्छरदाण्या आणि मलेरियाच्या गोळ्या मिळतात म्हणाला.

काका, एकच शंका. दोन किलोत कांसाळें गेलं की खाणं किती उरणार? नेवऱ्या जास्त घालू की खाजें?

---

सत्तरीचा सुभेदार

किती जण एका खोलीत राहतात ते विचार आणि तेवढ्यांचा हिशेब कर. गोमात बायकोनं माणसाबरोबर खाजें पाठवलं होतं, डब्यात मला वाटलं महिनाभर पुरेल. आम्ही चौदा होतो. माझ्या वाट्याला चार कांड्या आल्या, त्याही एका नागालँडच्या पोरानं अर्ध्या मागून घेतल्या. मला राग आला नव्हता. त्याचं पुडकं वर्षभरात एकदाही आलं नव्हतं, त्याच्या गावाकडून सुटीवर जाणारं-येणारं कुणी नव्हतंच.

खाजें जास्त घाल. त्याला आलं-गूळ असतं, उकाड्यात चिकट होईल पण खराब होणार नाही. नेवऱ्या देवापुढं ठेवण्यापुरत्या, अकरा.

---

फोंड्याची थोरली

नऊ आठवड्यांनी लिहितेय, कुणी वाचत असेल तर.

पुडकं चवथीच्या दोन दिवस आधी पोचलं. जुबात सहा दिवस अडकलं होतं. अकरांतल्या सात नेवऱ्या आख्ख्या, चार भुगा. भुग्याचं त्यांनी दुधात घालून काहीतरी केलं, त्याला तो खीर म्हणतो. खोलीत नऊ जण. आरतीला कॅन आणि कांसाळें. आम्ही इकडे साडेतीन तास पुढं, आमची आरती आटोपून जेवणं झाली होती, तेवढ्यात त्याचा कॉल. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि घुमट घेऊन फोनसमोर बसले. आवाज अर्धा सेकंद मागं येत होता, त्यामुळे ताल काही जमला नाही. दोघंही थांबायला तयार नव्हते.

सुंगटां आईनं सोलांच्या पुडीच्या आत लपवून दिली होती. मला पत्ता नव्हता. सोलांना वास लागलाय, पण तो म्हणतो त्याच सोलांची कढी सगळ्यात जास्त खपली.

आता एका पंजाबी हवालदारानं अजून खाजें मागितलंय, नोव्हेंबरात कुणीतरी सुटीवरून जाणार आहे. तेव्हा आमच्याकडे जवळपास जत्रा नसेल. ताजं कुठं मिळेल?

---

दाबोळीकरीण

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. सकाळी लवकर जा, आणि कांडी मोडून बघितल्याशिवाय घेऊ नकोस.