पत्नीच्या स्मरणार्थ देणगी: कर्करोग संशोधनाला द्यावी की नव्या उपचारकेंद्राच्या यंत्राला?

ओझरचा निवृत्त:
माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने गेली. उपचार काही नाशिकमध्ये व काही परळला झाले, त्यामुळे नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठणे आणि रिपोर्टांची फाईल कापडी पिशवीत छातीशी धरून बसणे हे आमच्या अंगवळणी पडले होते. रेडिएशन चालू असताना त्वचेवरच्या शाईच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ती कित्येक दिवस ओल्या पंच्याने कडेकडेने अंग पुसत असे. तिच्या नावे १५ लाख रुपये द्यावेत असे मी व मुलांनी ठरवले आहे. येथील एक विश्वस्त संस्था नवे उपचारकेंद्र उभारत असून रेडिएशनच्या यंत्रासाठी तिने मदत मागितली आहे. देणगीदारांची नावे दर्शनी भिंतीवर कोरली जाणार आहेत. मुलीच्या मते मात्र ही रक्कम संशोधनाला द्यावी. संशोधनात १५ लाख म्हणजे दर्यात खसखस ठरेल का, आणि यंत्राला द्यायचे झाल्यास संस्थेला नेमके काय विचारावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

किरणमापक:
काका, मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, त्यामुळे यंत्रापुरतेच सांगतो. लिनॅक (विजेवर किरण निर्माण करणारे रेडिएशनचे यंत्र) म्हणजे विकत आणून खोलीत ठेवण्याची वस्तू नव्हे. त्यासाठी दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींचा बंकर लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी टप्प्याटप्प्याने घ्यावी लागते, वीज स्थिर लागते आणि यंत्र थंड ठेवणारी व्यवस्था अखंड चालावी लागते. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी यंत्रातून ठरलेल्या मात्रेइतकेच किरण बाहेर पडतात की नाही हे मोजावे लागते. ते मोजणारा माणूस, उपचाराची आखणी करणारा विकिरणतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारे तंत्रज्ञ यांपैकी एक जरी नसेल तर कोट्यवधींचे यंत्र झाकून ठेवावे लागते. एका ठिकाणी (नाव घेत नाही) देणगीतून आलेल्या यंत्रावरचे प्लास्टिकचे आवरण बरेच महिने निघालेच नव्हते, हे मी स्वतः पाहिले आहे. उद्घाटनाची कोनशिला मात्र चकचकीत होती.

संस्था कोबाल्ट यंत्र घेणार असेल तर प्रश्न थोडा वेगळा होतो. कोबाल्ट-६० या किरणस्रोताची क्षमता सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे आज दोन मिनिटांत होणाऱ्या उपचाराला तेव्हा चार मिनिटे लागतील आणि दिवसभरात बसणारे रुग्ण त्या मानाने कमी होतील. नवा स्रोत बसवण्याचा खर्च कोण उचलणार, असे विचारा. लिनॅक असेल तर हमीचा काळ संपल्यावर वार्षिक देखभालीचे पैसे कोठून येणार, असे विचारा. या एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळाले नाही तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही.

सामाजिक आरोग्याची शिक्षिका:
दर्यात खसखस हा शब्दप्रयोग येथे लागू पडतोच असे नाही, कारण कर्करोगावरचे सर्वच संशोधन महाग नसते. आपल्या पत्नीच्या आजाराशी संबंधित उदाहरण देते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या भोवती लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचले तर काय होते, याची चाचणी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील अनेक केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण औषध न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के, तर टोचलेल्या गटात ९०.१ टक्के होते. लिग्नोकेन कोणत्याही औषधाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे: ज्यात नफा नाही त्याची चाचणी कोणतीही कंपनी करणार नाही. ती सरकारी निधीतून तरी होते किंवा आपल्यासारख्यांच्या पैशातून. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निवोलुमॅब हे अतिशय महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, देऊन पाहिलेली मुंबईची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडावाटे घेण्याच्या केमोथेरपीला या अल्प मात्रेची जोड दिल्यावर वर्षभरानंतर हयात असलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषध कमी देऊन भागते का, हा प्रश्न ते विकणाऱ्याला सुचणे कठीणच.

देणगीच्या पैशातून मोठे कामही आपल्याच राज्यात झाले आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केल्याने त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, हे त्यातून २००९ मध्ये दिसून आले. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता, पण घरोघर जाऊन बायकांना तपासणीला यायला राजी करणाऱ्या कार्यकर्त्या गावोगावच्या होत्या. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही यावर पुढे बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. म्हणून संशोधनाला देणगी देताना नीतिसमितीच्या मंजुरीची प्रत मागण्यात संकोच करू नये.

आणखी एक गोष्ट, थोडी विषयाच्या कडेची. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावे जो निधी स्थापन केला तो रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी होता. परळचे रुग्णालय त्यांच्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. म्हणजे आधी संशोधन आणि मग रुग्णालय; आपल्या लेकीचे म्हणणेही तेच आहे.

पंचवटीतला:
संशोधन आणि यंत्र दोन्ही ठीक, पण रुग्णासोबत आलेला माणूस रात्री झोपतो कुठे याचा विचार कोणी करत नाही. महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, परंतु गाडीभाडे, दोन वेळचे जेवण आणि बुडालेली मजुरी त्यातून निघत नाही. सुरगाणा-पेठकडची माणसे उपचार अर्ध्यावर सोडतात ती बहुधा याच कारणाने. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत माझ्या भावाला व वहिनीला अल्प दरात राहायला मिळाले नसते तर आम्हीही सोडले असते. १५ लाखांत यंत्राचा एखादा भाग येईल, पण एवढ्याच पैशात कित्येक कुटुंबांचे मुक्काम होतील.

हिशेबनीस:
कराची बाजू थोडक्यात सांगतो, कारण येथे बऱ्याच जणांची फसगत होते. धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवरील सवलत साधारणपणे निम्म्या रकमेवर मिळते, आणि सवलतीसाठी धरली जाणारी देणगीच मुळात उत्पन्नाच्या १० टक्क्यांपुरती मर्यादित असते. आपले वार्षिक उत्पन्न आठ लाख असेल तर १५ लाखांपैकी फक्त ८० हजार धरले जातील व वजावट ४० हजारांची मिळेल. देणगी तीन-चार वर्षांत विभागून दिलेली बरी. त्यामुळे संस्थेचे काम पाहून पुढचा हप्ता देता येतो, हा फायदा कराहूनही मोठा आहे. वैज्ञानिक संशोधनासाठी सरकारमान्य असलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीचा नियम वेगळा व अधिक उदार आहे. नवी करप्रणाली निवडली असेल तर यातले काहीच मिळणार नाही, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला कोणत्याच प्रणालीत सवलत नाही. यंत्राच्या कोटींसाठी त्या संस्थेने सातपूर-अंबडच्या मोठ्या कंपन्यांकडे जावे; कायद्याने ठराविक नफ्यावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने त्या ओझ्याखाली जाऊ नये.

ओझरचा निवृत्त:
सर्वांचे आभार. किरणमापक यांनी सुचवलेला प्रश्न काल विश्वस्तांना विचारला. देखभालीसाठी "पुढे बघू" आणि फिजिसिस्टसाठी "यंत्र आल्यावर जाहिरात देऊ" अशी उत्तरे मिळाली, म्हणून तेथे तूर्त थांबलो आहे. दरवर्षी तीन लाख याप्रमाणे चार वर्षे संशोधनाला आणि उरलेले तीन लाख मुक्कामाच्या सोयीला, असे मुलीने व मी कागदावर मांडले आहे. पंचवटीतल्या बंधूंना एवढेच विचारायचे आहे की धर्मशाळेत धनादेशच घेतात, की गाद्या-चादरी आणि रोजच्या जेवणाचा शिधाही चालतो?