छोटूला म्युनिकची नोकरी : घरच्या ग्रुपवर शनिवार रात्र

छोटू: सगळ्यांना नमस्कार 🙏 ऑफर लेटर आलं. जर्मनीत म्युनिकला, सप्टेंबरपासून. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

आत्या: अरे वा रे वा! आधी देवापुढे साखर ठेवा.

मोठी काकू: ठेवली. पण दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही माझ्या.

मोठे काका: पगार, कर, घरभाडं, सगळं वहीत मांडून बघितलं. महिन्याला शिल्लक पडते. मनू, तू एकदा आकडे बघून घे.

छोटू: आकडे राहू द्या बाबा. ताई, मला दुसरंच विचारायचंय. म्युनिकला शनिवार-रविवार तू काय करतेस? तुझे फोटो बघतो मी, डोंगर, तळी, बर्फ. पण फोटो काढायला दोन मिनिटं लागतात. बाकीचा दिवस कसा जातो? खरं सांग.

मनू: बरं झालं विचारलंस. मी निघाले तेव्हा हे कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं. ऑफिसची काळजी करू नकोस. सोमवार ते शुक्रवार आपोआप सरतात. परदेशात माणूस खचतो तो रविवारी.

मी सप्टेंबर २०२३ मध्ये आले. पहिल्या रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर अख्ख्या रस्त्यावर एक दुकान उघडं नाही. बेकरी काही तास उघडते आणि मोठ्या स्टेशनात काही मिळतं, बाकी सगळं बंद. ड्रिल चालवायचं नाही. काचेच्या बाटल्या टाकायला रस्त्यावर मोठे डबे असतात, त्यातही रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. आपल्या इंदूरच्या राजेंद्र नगरात रविवारी सकाळी कुठल्या घरात पोह्यांना फोडणी पडली ते जिन्यात कळतं, आणि दहा वाजेपर्यंत कुणीतरी न विचारता येऊन बसलेलं असतं. तिथे मी बिनदुधाचा चहा घेऊन खिडकीशी बसले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नाही. असे रविवार किती गेले ते मी मोजलेले नाहीत.

मनूची आई: तेव्हा फोनवर तर म्हणायचीस, मस्त चाललंय.

मनू: नव्हतं चाललं आई. तू काळजी करशील म्हणून म्हणायचे. छोटू, तू असं करू नकोस. काकूला खरं सांगत जा, तिला त्यानेच जास्त झोप येईल.

मोठे काका: दुकानं बंद का पण? व्यापाराचं नुकसान नाही होत?

मनू: त्यांच्या राज्यघटनेतच आहे काका. रविवार आणि सणाचे दिवस कामातून सुट्टीचे, मनाच्या उसंतीचे म्हणून जपायचे, हे कलम १९१९ च्या घटनेत होतं, तेच आजच्या घटनेत जसंच्या तसं घेतलंय. सुरुवातीला मला फार राग यायचा. आता वाटतं, दुकानात काम करणाऱ्या बाईलासुद्धा तिच्या मुलांबरोबर एक दिवस हक्काचा मिळतो, हे बरंच आहे.

आत्या: मग तू बाहेर पडायला कधी लागलीस?

मनू: त्या डिसेंबरात. तिकडे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. एका रविवारी अंधार पडल्यावर मला आप्पांची आठवण आली. पावसाळ्यातला रविवार म्हटला की ते आम्हा सगळ्या पोरांना गोळा करून राजेंद्र नगर स्टेशनवर मीटरगेजच्या गाडीत बसवायचे. पातालपाणीच्या धबधब्याला सगळी पोरं एका खिडकीत, मग घाट, बोगदे, आणि कालाकुंडला उतरून पळसाच्या पानातला कलाकंद. पान गरम असायचं, बोटांना तूप लागायचं. दुसरं काही करायचंच नसायचं तिथे. गाडीत बसायचं, कलाकंद खायचा, परत यायचं. मला वाटलं, गाडी तर इथेही आहे.

मोठे काका: आप्पा तिकडे निघाले की दरवेळी सांगायचे, ही लाईन होळकरांच्या पैशातून झाली. महाराज तुकोजीराव दुसरे यांनी १८७० च्या सुमारास इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांसाठी, का तर इंदूरला रेल्वे यावी. घाट चढायला कालाकुंडला मागून दुसरं इंजिन लावायचे ते आठवतं का मनू?

मनू: आठवतं ना काका. ते इंजिन बघायला आप्पा आम्हाला मागच्या डब्याकडे पळवायचे.

तर गाडीचं सांगते. छोटू, आल्या आल्या डॉइचलांड टिकीट काढ. महिन्याचं एकच तिकीट, त्यात देशभरच्या साध्या गाड्या, मेट्रो, ट्राम, बस, सगळं. फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. मी आले तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. तरी घे. तिकीट खिशात असलं की घरात बसून राहायला कारण उरत नाही.

छोटू: एकटी जायचीस?

मनू: पहिले दोन-तीनदा एकटी. मग ऑफिसातली एक केरळची मुलगी आणि एक पोलंडचा मुलगा जोडीला आले. आमचा एकच नियम: गुरुवारी रात्रीपर्यंत ठरवायचं. शुक्रवारवर ढकललं की शनिवारी झोपून राहतो माणूस, आणि मग रविवार अंगावर येतो.

पहिल्यांदा गार्मिशला गेलो. म्युनिकहून साध्या गाडीने सुमारे दीड तास. तिथून चालत पार्टनाखक्लाम नावाची घळ आहे. जवळपास ७०० मीटर लांब, ८० मीटरहून खोल, आणि इतकी अरुंद की वर बघितलं तर आभाळाची पट्टी दिसते. एका बाजूच्या खडकात वाट कोरलीय, मधे बोगदे, आणि खाली हिरवंपांढरं पाणी एवढा आवाज करतं की शेजारचा काय बोलतोय कळत नाही. वरून अंगावर पाणी ठिबकत राहतं. जानेवारी होता, तर कड्यांवरून माणसापेक्षा उंच बर्फाचे सुळके लोंबत होते. मी कठड्याला हात लावून उभी राहिले आणि मोठ्याने बोलले, आप्पा बघा. आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. त्या दिवसापासून म्युनिक मला आपलं वाटायला लागलं.

मोठी काकू: घळ, पाणी... मनू, २०११ ला पातालपाणीला लोंढा येऊन माणसं वाहून गेली ते इंदूर विसरलेलं नाही गं.

मनू: मीही नाही विसरले काकू. तिथे पाऊस जोराचा असला किंवा बर्फ वितळून पाणी वाढलं की घळ बंद करतात. बंद म्हणजे बंद, कठड्यावरून उडी मारून जायचं नाही. जायच्या आधी उघडी आहे का ते बघूनच निघायचं.

पण डोंगरावर माझी एकदा फार मोठी चूक झाली. आता तोच जाणार आहे, तर सगळ्यांसमोर सांगते.

मनूची आई: कोणती चूक? मला माहीत नाही ती.

मनू: २०२४ चा ऑक्टोबर, शेवटचा रविवार. त्याच घळीच्या वर एकबाउअर नावाचा डोंगर आहे, १२३७ मीटर. खाली यायला आपल्या देवासच्या टेकडीसारखा रोपवे आहे. मी एकटीच गेले होते, कारण बाकीचे दोघं नव्हते आणि मला आता सगळं येतं असं वाटत होतं. त्या दिवशी पहाटे तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मोबाईलने वेळ आपोआप बदलली, पण माझ्या डोक्यात आदल्या दिवशीचा सूर्यास्त होता, सहाचा. प्रत्यक्षात पाचलाच सूर्य गेला. वर पोचले तेव्हा शेवटचा रोपवे जाऊन बराच वेळ झाला होता. झाडीत शिरले तर पायाखालचं दिसेना. ओली पानं, त्याखाली मुळं. मोबाईलमध्ये सहा टक्के चार्ज. टॉर्च लावली असती तर दहा मिनिटांत फोन गेला असता.

तेवढ्यात मागून उजेड आला. सत्तरीच्या एक बाई, कपाळाला दिवा, हातात दोन काठ्या. मला बघून थांबल्या, फार काही विचारलं नाही. पाठीवरच्या पिशवीतून दुसरा दिवा काढला आणि माझ्या कपाळाला बांधला. मग पुढे मी, मागे त्या, असं खाली पायथ्याच्या स्टेडियमपर्यंत आलो. वाटेत माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी इंदूरचं सांगत होते. दिवा परत द्यायला लागले तर म्हणाल्या, ठेव तुझ्याकडे, पुढच्या कुणाला तरी लागेल. तो अजून माझ्या पिशवीत असतो. तेव्हापासून दोन दिवे नेते मी.

आजी (काकूच्या फोनवरून): मला सगळं वाचून दाखवलं. तोच रविवार ना गं, ज्या दिवशी तुझा फोन दीडला आला नाही? तू सकाळी दहाला करतेस, आपल्याकडे दीड वाजतात. त्या दिवशी अडीच वाजले. मी ताट झाकून बसले होते.

मनू: हो आजी, तोच. ऑक्टोबर संपताना साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं, मार्च संपताना परत साडेतीन. फोन मी केला दहालाच, गाडीतून. तुझं जेवण मात्र तासभर थांबलं.

आजी (काकूच्या फोनवरून): जेवणाचं काय एवढं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग कधी भेटल्या तर.

छोटू: ताई, मग डोंगरावर जायच्या आधी काय काय बघायचं?

मनू: पिवळ्या पाट्या असतात, त्यावर किलोमीटर नाही, तास लिहिलेले असतात. ते तास त्यांच्या चालीचे, आपण पहिलं वर्ष दीडपट धरायचे. निळी वाट सोपी, लाल मध्यम, काळीवर तू जायचं नाहीस. अडकलास तर ११२. फोन बंद पडला तर शिट्टी किंवा दिव्याने मिनिटाला सहा वेळा इशारा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. आणि परतीची शेवटची गाडी आणि सूर्यास्त, दोन्ही हातावर लिहून निघ. मोबाईलमध्ये नको, हातावर.

आत्या: घर कसं मिळेल याला? ते तर कुणी बोललंच नाही.

मनू: आत्या, घराला वेळ लागतो, पहिले दोन-तीन महिने तात्पुरती खोली धरून चालायचं. छोटू, एक लक्षात ठेव, घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. मला एकाने फोटो पाठवले, चावी कुरियरने येईल, आधी डिपॉझिट टाका म्हणाला. मी जवळजवळ टाकलेच होते. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असतं. आणि खोली मिळाली की दोन आठवड्यांत तिथे राहतोयस अशी सरकारी नोंद करायची, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. पत्र देणार नाही म्हणणाऱ्याकडे राहूच नकोस.

मोठी काकू: सोबत काय देऊ ते सांग. चार किलो तूप कढवून ठेवते.

मनू: काकू, तूप नाही चालत. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तिथे बिनमिठाचं लोणी छान मिळतं, मी दर पंधरा दिवसांनी तेच कढवते. तू जिरावन मसाला दे, भरपूर. माळव्याबाहेर सहजी मिळत नाही तो, तिथे पोह्यांवर घातला की केरळची मुलगी डबा उचलून न्यायला बघते. शेवही दे, लवंगेची.

आत्या: आणि तिकडे कचऱ्याचं कसं? आपण २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या नंबरवर आलोय, याने नाव घालवायला नको.

मनू: इंदूरच्या मुलाला ते शिकवावं लागत नाही आत्या. ओला-सुका आपल्या हातात बसलाय. तिथे काचसुद्धा रंगाप्रमाणे टाकतात, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की २५ सेंट मिळतात. एक मात्र आहे, आपली गाडी दारात येते, तिथे काच आपणच नेऊन टाकायची.

मोठे काका: सगळं वाचलं. छोटू, मी आकड्यांत अडकलो होतो. रविवारचं मला सुचलं नव्हतं.

छोटू: बाबा, उद्या रविवारच आहे. सकाळी पातालपाणीला जाऊन येऊ आपण दोघं? गाडीने नाही, स्कूटरवर.

मोठे काका: सहाला तयार राहा.

मोठी काकू: दोघं नाही, मीपण.

छोटू: ताई, शेवटचं. डोंगराचे बूट इथून घेऊ की तिथून? ४२ म्हणजे आपला कितवा नंबर?

मनू: आठ. तिथूनच घे, आल्यावर मी येते बरोबर. संध्याकाळी जायचं, दिवसभर चालून पाय सुजलेले असतात तेव्हा, जाड मोजे घालून. आणि दुकानात उताराची फळी ठेवलेली असते, तिच्यावरून खाली उतरून बघायचं. अंगठा पुढे आपटला तर एक नंबर मोठा.