मदत हवी आहे: जुनी प्लिमथ प्राउलर घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहतो. घराजवळ एक प्लिमथ प्राउलर विकायला आहे. २००० सालची, एकाच मालकाची, फक्त १४,००० मैल चाललेली. दोनदा बघून आलो, एकदा चालवलीही. ही गाडी कुणी बाळगली असेल किंवा तिच्यावर हात चालवला असेल, तर मनापासून सल्ला हवा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९३२ च्या फोर्डसारख्या जुन्या गाड्यांचे मडगार्ड काढून, इंजिन तगडं करून इथली पोरं हॉट रॉड बनवायची. क्रायस्लरने तशी गाडी, म्हणजे हीच प्राउलर, आपल्या प्लिमथ ब्रँडखाली थेट कारखान्यातून काढली. १९९३ ला डेट्रॉइटच्या शोमध्ये नमुना दाखवला, १९९७ ला विक्रीला आणली. २००२ पर्यंत जेमतेम पावणेबारा हजार गाड्या झाल्या.

रूपाबद्दल काय सांगू! निमुळतं नाक, पुढची चाकं अंगापासून सुटी, पुढे १७ इंची तर मागे २० इंची. स्टिअरिंग वळवलं की चाकांवरचे छोटे मडगार्डही वळतात, आणि ते बसल्या जागेवरून दिसतं. खड्डा आला की डावा मडगार्ड उचलला जातो, मग खाली बसतो. मी रस्ता सोडून तेच बघत होतो, बाबांनी दटावलं.

बाबा सध्या इथे आलेत. कोल्हापुरात तीस वर्षं गॅरेज चालवलं त्यांनी. खाली वाकून बघितलं, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे हे दिसल्यावर खूश झाले. वजन पुढे-मागे सारखं वाटण्यासाठी तसं केलंय. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवरून हात फिरवला. मग मी इंजिन चालू केलं. बाबा म्हणाले, "हिचा आवाज कुठाय रे?"

तिथेच अडलंय. इंजिन ३.५ लिटरचं व्ही-६ (सहा सिलिंडरचं), २५३ हॉर्सपॉवर. पळायला कमी नाही, ताशी साठ मैलांचा वेग साधारण सहा सेकंदांत गाठते. पण हॉट रॉड म्हटलं की आठ सिलिंडरच्या व्ही-८ ची गुरगुर हवी, आणि गिअर हातात हवे. हिला चार गिअरचा ऑटोमॅटिकच येतो. दुसऱ्याचं इंजिन बसवणं मला पटत नाही, मूळ गाडी मूळच राहावी. नुसता सायलेन्सर बदलून आवाजात फरक पडतो का? की महिन्या-दोन महिन्यांत कान सरावतात?

डिकी नावापुरती आहे, टप दुमडून ठेवला की संपली. कंपनी म्हणूनच जोडीला छोटा ट्रेलर विकायची. स्टेपनी नाही. हे मी धरून चाललोय, आम्हाला हिच्यातून सामान न्यायचं नाही.

खरी काळजी टायमिंग बेल्टची, म्हणजे इंजिनातल्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या रबरी पट्ट्याची. तो मूळचाच आहे. मैल कमी असले तरी रबराला पंचवीस वर्षं झाली. चालवण्याआधी बदलावाच ना? वॉटर पंपही सोबत घ्यावा का, आणि मजुरी किती पडते? मागचे टायर २९५/४० आर २० या मापाचे आहेत, ते आज सहज मिळतात का? आणि बॉनेट-दरवाजे अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने पोचा आला तर साधा डेंटिंगवाला काढू शकतो का? बाबा म्हणतात अ‍ॅल्युमिनियम ठोकणं वेगळं, लोखंडी पत्र्याची सवय तिथे कामाची नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं पुन्हा जाणार आहोत. बेल्टच्या खर्चाचा अंदाज त्याआधी मिळाला, तर मालकाशी किमतीचं बोलता येईल.